एका आजाराची मर्यादा

२८ जून १९९४, मंगळवार. जळगाव.

प्राचार्यांनी आज विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्याची फाईल माझ्याकडे सोपवली. मी कारण विचारले नाही, त्यांनीच सांगितले. "ओस्तवाल मॅडम, तुम्ही इन्स्ट्रुमेंटेशनच्या. मोजमाप तुमच्या हातातलं." त्यात वडिलांचे धुळ्याचे कापड दुकानही धरलेले असणार. मारवाड्याची मुलगी म्हणजे हिशोब जन्मतःच येतो, असा इथे सगळ्यांचा समज आहे. खोडून काढायला वेळ लागला असता, म्हणून गप्प बसले.

कंपनीने तीन प्रस्ताव दिले आहेत. फरक एवढाच की एका आजाराला जास्तीत जास्त किती मिळणार. तीन हजार, सात हजार किंवा पंधरा हजार. त्याप्रमाणे मुलांकडून वर्षाला अठरा, एकेचाळीस किंवा अठ्ठ्याऐंशी रुपये घ्यावे लागतील.

३० जून

मागच्या चार वर्षांची दवाखान्यांची बिले कपाटातून काढून बघितली. एकूण २१२. कावीळ, टायफॉईड, अपेंडिक्स, स्कूटरवरून पडणे. २०९ बिले तीन हजारांच्या आत बसतात. अर्धी मुले फीसुद्धा तुकड्यातुकड्यांत भरतात. तीन हजारांची मर्यादा पुरेशी आहे, असे एका पानात लिहून दिले.

प्राचार्यांनी न वाचता सही केली. "तुम्ही केलंय म्हणजे बघायला नको."

राहिलेली तीन बिले कोणाची, ते बघितले नाही. दीड टक्क्याहून कमी आहेत.

११ जुलै, सोमवार

होस्टेलच्या रेक्टर सुनंदाबाई सकाळी सातलाच पिंप्राळ्याला माझ्या खोलीवर आल्या. तिसऱ्या वर्षाच्या मंदा पाटीलचे तोंड आणि पाय सुजले आहेत, दवाखान्यात न्यायचे आहे, विम्याचा कागद द्या. मी केसाला तेल लावत होते. त्या म्हणाल्या, "लावा, लावा. मोजून किती थेंब घालता तेवढं सांगा." त्यांना माझी थट्टा करायची सवय आहे. मी उत्तर देत नाही, म्हणून त्या थांबतही नाहीत.

मंदा मला माहीत आहे. अमळनेरची, वडील तेलाच्या कारखान्यात फिटर. मागच्या सत्रात प्रेशर गेजच्या प्रयोगात सगळ्या वर्गाच्या आलेखाची रेषा सरळ आली होती. हिची मध्येच वाकडी. विचारले तर म्हणाली, "आलं तसं लिहिलं." गेज खरोखरच खराब होते. बाकीच्यांनी रीडिंग बसवली होती. मी तिला दहापैकी दहा दिले. बोलले काही नाही.

१३ जुलै

दवाखान्यात जाऊन आले. मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात आहेत. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आहेत. त्या गोळ्यांनी चेहरा थोडा भरल्यासारखा दिसेल, घाबरायचे नाही, असे म्हणाले. आजार नेमका कोणत्या प्रकारचा आहे, ते कळायला नाशिकला मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागेल. पण अंगात थोडी ताकद आल्यावर, दीडएक महिन्याने.

वडील तोताराम रात्रपाळी संपवून थेट आले होते. बुशशर्टला तेलाचा वास होता. त्यांनी डॉक्टरांना विचारले, "साहेब, मी पंपाचं काम करतो. गाळणी फाटली तर बदलतो. हिची दुरुस्त होते, का बदलावी लागते?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेक दुरुस्त होते." त्यांनी "बहुतेक" हा शब्द दोनदा म्हणून बघितला.

मंदा मला म्हणाली, "मॅडम, माझं तोंड आपल्या चार नंबरच्या गेजसारखं झालंय. काटा शून्यावर येतच नाही."

मी हसले. नंतर वाटले, तिथे हसायला नको होते.

२० जुलै

मंदाला घरी सोडले. बिल ४,६४० रुपये. विम्याचे तीन हजार. वरचे तोतारामांनी भरले. मी क्लेमचे कागद जोडले: दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आजाराचे नाव, बेरीज. डिस्चार्ज कार्डावर खाली डॉक्टरांनी बरेच काही लिहिले आहे. अक्षर लागत नाही. क्लेमला ते लागतही नाही.

२२ जुलै, शुक्रवार

मंदा दुपारी केबिनमध्ये आली. उभीच राहिली. बस म्हटल्यावर बसली.

"मॅडम, नाशिकच्या तपासणीला विमा मिळेल का?"

"नाही. एका आजाराला तीन हजार, ते संपले."

"संपले म्हणजे संपलेच?"

मी पॉलिसी काढली. सातव्या कलमात आहे. दवाखान्यातून सुटल्यावर, किंवा डॉक्टरला शेवटचे दाखवल्यावर, पंचेचाळीस दिवस मध्ये गेले तर पुढचे दुखणे नवा आजार म्हणून धरतात. मर्यादा पुन्हा पूर्ण मिळते. तिला वाचून दाखवले.

"आणि मध्ये दाखवलं तर?"

"मोजणी तिथून पुन्हा सुरू."

ती जरा विचार करून म्हणाली, "रीडिंग चालू असताना टेबलाला धक्का लागला की तुम्ही पहिल्यापासून घ्यायला लावता, तसं."

"तसंच."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले. ३ सप्टेंबरला पंचेचाळीस भरतात. तो शनिवार. म्हणून सोमवार ५ सप्टेंबरच्या चौकटीत मी पेन्सिलने 'नाशिक' लिहिले. तोवर गोळ्या घे, मीठ खाऊ नको, असे सांगितले. ती म्हणाली, "वरचे पैसे आबांनी भरले. त्यांना आता काही मागायचं नाही, हे मनात ठरवूनच आले होते. बरं झालं, तुम्ही रस्ता काढला."

आज बरे वाटले. नियम न मोडता, नियमाच्या आतून एखादी गोष्ट मिळवता आली की मला समाधान वाटते.

४ ऑगस्ट

हजेरीपत्रके पूर्ण. मंदाने आलेखाचा एक कोरा कागद मागितला. दिला.

९ ऑगस्ट

प्रॅक्टिकलला मंदा रबरी स्लिपर घालून आली. प्रयोगशाळेत बूट लागतात, हे मी सत्राच्या पहिल्या दिवशी सांगते. विचारले तर म्हणाली, "चावतात, मॅडम." तिला परत पाठवले. वीस मिनिटांनी बूट घालून आली. नाड्या सोडलेल्या होत्या. बांध म्हटले. वाकून बराच वेळ बांधत बसली. शेवटी शेजारच्या मुलीने बांधून दिल्या.

एकीला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते.

१२ ऑगस्ट

अर्धा वर्ग कानबाईच्या सणासाठी गावी निघाला. मंदाही गेली. मी इथेच. वर्कशॉपची यादी लावायची आहे.

१६ ऑगस्ट

मंदा आली. सुनंदाबाईंनी तिला जिन्यातच गाठले. "काय गं, कानबाईच्या प्रसादाचा रोट कुठाय? मॅडमना तरी आणायचास."

"रोट भाऊबंदांबाहेर द्यायचे नसतात, बाई. मॅडमना खायचे असतील तर त्यांना आमच्यात दत्तक घ्यावं लागेल."

"घे घे. फक्त त्यांच्या वाटणीचं पीठ त्याच मोजतील, ते बघ."

दोघी हसल्या. मंदाला हसताना धाप लागली आणि तिने कठडा धरला. अमळनेरहून एसटीत उभी राहून आली म्हणे.

तिचा चेहरा भरला आहे. डॉक्टरांनी सांगितले होतेच. तरी विचारून घेतले, "गोळ्या घेतेस ना?"

"त्यांनी दिलेल्या सगळ्या घेतल्या, मॅडम."

हिला काही सांगितले की दुसऱ्यांदा बघावे लागत नाही.

२४ ऑगस्ट, बुधवार

सुनंदाबाई कॉलेजात आल्या. आज थट्टा केली नाही. म्हणाल्या, "मंदी जिना चढताना दोनदा खाली बसते. रात्री पाय भिंतीला लावून झोपते. माझं ऐकत नाही. तुम्ही एकदा बोला."

चार वाजता मंदाला प्रयोगशाळेत थांबवून घेतले. डोळ्यांखाली सूज होती. विचारले, "डॉक्टरांना दाखवायचं का?"

"पस्तीस झाले, मॅडम. दहाच राहिले. आता दाखवलं तर पस्तीस वाया."

"त्रास होत असेल तर दाखवायला हवं."

"होतो थोडा. पण सहन होण्यासारखा आहे." मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

मी डॉक्टर नाही. सहन होण्यासारखा म्हणजे किती, हे मी ठरवू शकत नाही. तिला तसे सांगितले. दाखवलेस तर मोजणी मोडेल, नाही दाखवलेस तर दहा दिवसांनी पूर्ण मर्यादा. निर्णय तुझा.

ती म्हणाली, "मग थांबते."

मी दोन्ही बाजू सांगितल्या.

३० ऑगस्ट, मंगळवार

मंदा तोताराम पाटील आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी गेली. काल संध्याकाळपासून ताप आणि पोटात दुखणे. पहाटे सुनंदाबाईंनी रिक्षाने नेले. डॉक्टर म्हणाले, पोटात पू झाला होता, या आजारात अंगाची ताकदच राहत नाही. आठ दिवस आधी आणायला हवे होते.

मी पोहोचले तेव्हा नऊ चाळीस झाले होते.

३१ ऑगस्ट

तिला काल दुपारीच अमळनेरला नेले. दोन गाड्या गेल्या. मी गेले नाही. आज दुसऱ्या वर्षाचे प्रॅक्टिकल होते. ते घेतले. तीन रीडिंग मी स्वतः चुकीची वाचली. मुलांनी सांगितल्यावर कळले.

२ सप्टेंबर

सुनंदाबाईंनी मंदाची पेटी आवरली. घरी पाठवण्याआधी दोन वस्तू माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि उभ्या राहिल्या.

एक, गोळ्यांची रिकामी पाकिटे, रबर लावून ठेवलेली. पंधरा दिवसांची.

दुसरी, मी दिलेला आलेखाचा कागद. त्यावर पंचेचाळीस चौकोन, प्रत्येकात तारीख. पहिले चाळीस पेनाने काट मारलेले. एकेचाळिसाव्यात अर्धी तिरकी रेघ.

सुनंदाबाई म्हणाल्या, "मला वाटलं, परीक्षेचे दिवस मोजते. कोणी सांगितलं हो तिला हे?"

"मी."

त्या दाराशी जाऊन परत आल्या आणि दोन्ही वस्तू उचलून घेऊन गेल्या. मला ठेवून घ्यायच्या होत्या, असे नाही.

दुपारी प्राचार्यांनी लेखी निवेदन मागितले. लिहिले: 'विद्यार्थिनीस पॉलिसीच्या सातव्या कलमाची माहिती तिच्या विनंतीवरून देण्यात आली. वैद्यकीय सल्ला घेऊ नये असे कधीही सांगण्यात आले नाही.' दोन्ही वाक्ये बरोबर आहेत.

त्यांनी या वेळी वाचले. म्हणाले, "चांगलं लिहिलंय. कुठे बोट ठेवायला जागा नाही."

सोबत जोडायला डिस्चार्ज कार्डाची प्रत काढली. आज अक्षर लागले. 'गोळ्या १५ दिवस. त्यानंतर लघवी तपासून दाखवणे. गोळ्या अचानक बंद करू नयेत, डोस कमी करत न्यावा लागेल.' हा कागद २० जुलैपासून माझ्या फाईलमध्ये आहे. टाचणी मी लावलेली आहे.

म्हणजे ४ ऑगस्टला तिच्या गोळ्या संपल्या. पुढच्या गोळ्यांसाठी दाखवावे लागले असते. दाखवले असते तर मोजणी पुन्हा सुरू. त्याच दिवशी तिने कागद मागितला होता.

'दिलेल्या सगळ्या घेतल्या.' ती खोटे बोलली नव्हती.

५ सप्टेंबर, सोमवार

कॅलेंडरवर 'नाशिक' आहे.

७ सप्टेंबर

जूनमध्ये न बघितलेली ती तीन बिले शोधून वाचली. एक मुलगा गाडीवरून पडून मेंदूला मार लागलेला. एकीला हृदयाच्या झडपेचा आजार. एक भाजलेली. नावे लिहून घेतली. हजेरीपत्रकात बघितले. भाजलेली मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजात नाही. मुलाने पदवी घेतली. हृदयाचा आजार असलेलीच्या नावापुढे 'गैरहजर' असे सलग आहे आणि मग नाव नाही.

हे काम अर्ध्या तासाचे होते.

१० सप्टेंबर, शनिवार. धुळे.

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. घरी सगळ्यांचे उपवास. प्रतिक्रमणानंतर नेहमीप्रमाणे एकमेकांची क्षमा मागून झाली. मी काका, काकू, धाकटी बहीण, सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. त्यांनीही म्हटले. बहिणीने विचारले, "ताई, तू नक्की कशाबद्दल मागते आहेस?" आणि हसली. तिची गंमत होती.

दुकानाची छापील क्षमापना कार्डे आली आहेत. वडील पत्ते लिहीत बसले होते. म्हणाले, "कुसुम, तुझ्या कॉलेजची नावं दे. प्राचार्यांना, रेक्टरबाईंना पाठवू."

मी एक कार्ड मागून घेतले आणि पत्त्याच्या जागी लिहिले: श्री. तोताराम पाटील, अमळनेर. मग मजकूर वाचला. दरवर्षी तोच असतो. 'वर्षभरात आमच्याकडून कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास.' हे दोन शब्द तसेच जाऊ द्यावेत, असे होईना. त्यातले एक खोडायला हवे. पेन घेऊन बसले. 'कळत' खोडले तर २४ ऑगस्टचे राहून जाते. 'नकळत' खोडावे तर तेही खरे नाही. मला माहीत नव्हते. पण विचारले असते तर माहीत झाले असते, आणि मी विचारले नाही.

वडील म्हणाले, "अगं, छापलेलं कोणी वाचत नाही. टाक तसंच."

मी त्यांना सगळे सांगितले. घरी मी कॉलेजचे काही सांगत नाही. वडिलांनी पेन खाली ठेवून ऐकले. मग म्हणाले, "हे कार्डाने पाठवायचं नाही. जाऊन ये."

११ सप्टेंबर, रविवार. रात्री उशिरा, जळगाव.

दुपारच्या एसटीने अमळनेरला गेले. कारखान्याच्या मागच्या चाळीत घर आहे. ओट्यावर मंदाच्या आई भिकुबाई गहू निवडत होत्या. मी नाव सांगितले. त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"या बाई, बठा. तुमीच का त्या म्याडम?" आणि मी आल्याचे आत कळवत म्हणाल्या, "मंदानी म्याडम येल शेतस."

तोताराम बाहेर आले. मला बघून त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली. नोकरीवरच्या साहेबासमोर लावतात तशी. चहा नको म्हटले. आग्रह झाला नाही.

भिकुबाईच बोलत होत्या. कानबाईला आली तेव्हाच पाय दिसले, असे म्हणाल्या. "तिना पाय सुजेल व्हतात. बोट दाबं की खड्डा पडे. मी म्हनू, चाल बेटा डाक्टरकडे. ती म्हने, नही माय, म्याडमनी सांगेल शे, पंचेचाळीस दिन दखाडानं नही. आमनं नही ऐके ती. तुमनं बठ्ठं ऐके."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मॅडमचे सगळे ऐकणाऱ्या मुलीचे कौतुक होते. हे मला आधी कळले नाही, कळल्यावर बसवेना.

मग त्यांनी विचारले, "चारच दिन बाकी व्हतात ना व बाई? चार दिननी सूट कंपनी देती का?"

मी येताना एसटीत वाक्ये ठरवली होती. ती आठवली नाहीत असे नाही. वापरली नाहीत. म्हणाले, कंपनीला विचारायची गरजच नव्हती. डॉक्टरकडे जायला कुठल्याच नियमाने बंदी नव्हती. ते दिवस पैशाचे होते, दुखण्याचे नव्हते. तिच्या गोळ्या संपल्यावर दाखवायचे होते, तो कागद माझ्याकडे होता, मी वाचला नव्हता. शेवटच्या आठवड्यात तिने मला विचारले, तुम्हाला काय वाटतं. मी म्हणायला हवे होते, आत्ता चल, पैशाचे मागून बघू. मी म्हणाले, निर्णय तुझा.

तोताराम खाली बघत होते. त्यांनी हळूच विचारले, "मॅडम, किती लागले असते, दाखवायला?"

"तीस रुपये. लघवी तपासायचे बारा."

त्यांनी मान हलवली. पुन्हा वर बघितले नाही.

भिकुबाई रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आले असते. त्या म्हणाल्या, "हाई तिले सांगनं व्हतं ना, बाई. तुमनं ती ऐकती."

मी क्षमा मागितली नाही. त्यासाठीच गेले होते. पण त्या वाक्यानंतर ती मागणे म्हणजे त्या घरातून आणखी काही घेऊन जाणे झाले असते.

भिकुबाई सूप घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने तोताराम म्हणाले, "पावणेपाचला तुमची गाडी आहे."

मला माहीत होते. मी बसून राहिले. त्यांनी पुन्हा सांगितले नाही.